तारमोच्या तळ्यावरची राख

असं समजा, की तुमच्या शाळेचं मैदान रातोरात काचेचं झालं आहे. पाऊल टाकलं की घसरतंय, बसलं की बूड गारठतंय, आणि दप्तर हातातून सुटलं तर ते एकटंच सरकत सरकत पार दुसऱ्या टोकाला जाऊन थांबतंय. आलं डोळ्यांपुढे? आता पुढचं समजा. त्याच काचेवर आज तुमच्या लाडक्या काकाची परीक्षा आहे. परीक्षक साठ किलोमीटरांवरून निघाले आहेत. आणि सकाळी येऊन बघता, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या काचेवर चुलीतली राख.

तुम्हाला हे समजायला सांगतोय, मी मात्र ते उभा राहून बघत होतो. फेब्रुवारीतली सकाळ, सातचा सुमार, नाकातला श्वास मिशीवर गोठत होता. शेजारी गुर्मेत उभा होता. त्याच्या एका पायात बूट होता आणि दुसरा बूट हातात, कारण बातमी ऐकून तो तसाच पळत आला होता. मग त्यानं हातातला बूट पायात घातला आणि म्हणाला, "गेर्गन-ले, नऊ वाजता ऊन येतं इथे."

गेर्गन म्हणजे गुरुजी, आणि ले म्हणजे आपलं 'जी'. त्या गावात मला सगळे तसंच म्हणायचे.

गावाचं नाव तारमो. लडाखमधलं, एका ओढ्याकाठचं, एक्केचाळीस घरांचं. मी इस्लामपूरच्या उन्हात वाढलेला माणूस तिथे कसा पोचलो, ती गोष्ट वेगळी आणि कंटाळवाणी आहे. मास्तरांची बदली होते, एवढं लक्षात ठेवा. हिवाळ्यात तिथली शाळा बंद असते. लडाखबाहेर जाणारे रस्तेही बंद असतात, त्यामुळे मीही तिथेच बंद. मग करायचं काय? शाळेच्या एका खोलीत शेगडी पेटवायची, येतील त्या पोरांना गोळा करायचं आणि गंमत म्हणून शिकवायचं. नाव घालायची सक्ती नाही, परीक्षा नाही. आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं शिकवणं त्या खोलीत झालं. आम्ही बोलायचो ती भाषा म्हणजे निम्मी त्यांची लडाखी, निम्मी माझी हिंदी. इथे मी ते मराठीत सांगतोय.

आता गुर्मेत. वय चोवीस, उंची दाराला डोकं लागेल एवढी, स्वभाव गाईसारखा. हा गावच्या आइस हॉकीच्या संघाचा गोलरक्षक होता. आइस हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. बुटांना खाली पोलादी पाती लावायची, त्यांवरून घसरत पळायचं, आणि चेंडूऐवजी रबराची एक चपटी चकती काठीनं मारायची. त्या चकतीला पक म्हणतात. ती लागली तर लागलेली जागा महिनाभर निळी राहते. तेव्हा तारमोत दुकानातलं काहीच नव्हतं. पाती गावच्या लोहारानं मोडक्या गाडीच्या कमानपाट्यांतून कापून जुन्या लष्करी बुटांना तारेनं आवळली होती. चकती बुटाच्या तळव्यांची. गुर्मेतच्या पायांना मात्र अस्सल क्रिकेटचे पॅड होते. शाळेला कोणीतरी खालून क्रिकेटचं सामान पाठवलं होतं. गावात बावीस पावलांची सपाट जागा नव्हती, म्हणून ते पडून होतं. पॅड मीच त्याला दिले.

तोपर्यंत तिकडे हा खेळ म्हणजे हिवाळ्यातला रिकामपणाचा उद्योग. पण त्या वर्षी लेहच्या एका पलटणीनं ठरवलं, की आपला संघ उभा करायचा, चांगले खेळाडू गावागावांतून शोधायचे आणि त्यांना शिपाई म्हणून भरती करून घ्यायचं. म्हणजे खेळायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. तारमोतल्या लोकांना ही कल्पना पटायला आठवडा लागला. गोबा, म्हणजे गावचा मुखिया, मला दोनदा विचारून गेला, की त्यात काही फसवणूक तर नाही ना.

पलटणीला गोलरक्षक हवा होता. सुभेदार लुंडुप नावाचे गृहस्थ तीन खेळाडू घेऊन ट्रकनं येणार, गुर्मेतला पारखणार आणि पसंत पडला तर त्याच ट्रकनं घेऊन जाणार, असा निरोप आला होता. दुपारी दोनला निघायचं, कारण त्यानंतर खिंडीतला रस्ता पुन्हा गोठतो. वयाची मर्यादा पंचवीस. एप्रिलात गुर्मेतला पंचवीस पुरी होत होती. म्हणजे हा एकच दिवस. हा गेला की पुढचा हिवाळा त्याच्या उपयोगाचा नव्हता.

आणि तळ्यावर राख.

राख बर्फावर पडली तर एवढं काय, झाडून टाकावी, असं तुम्ही म्हणाल. पण तळ्याचं मैदान कसं बनवतात ते ऐका. रोज सूर्य डोंगराआड गेला की पाटाचं पाणी त्यावर बोटभर सोडायचं. ते गोठतं, आणि आदल्या दिवसाच्या चरा-खड्ड्यांवर नवी काच बसते. आदल्या संध्याकाळी पोरांनी शेवटचं पाणी सोडलं आणि सगळे गुर्मेतच्या घरी थुकपा, म्हणजे शेवयांचं गरम सूप, प्यायला गेले. राख पडली ती त्या अजून न गोठलेल्या पाण्यावर. पाणी गोठलं, राख आत अडकून बसली. खरवडून निघेना. आणि काळ्या वस्तूवर ऊन पडलं की ती तापते. नऊला ऊन आलं, की राखेचा प्रत्येक कण आपापल्यापुरतं भोक पाडणार आणि अकरा वाजेपर्यंत मैदानाची चाळण होणार.

"कोण करेल असं?" मी विचारलं.

गुर्मेत वळून चढणीवरच्या आपल्या घराकडे बघत होता. त्याचं कारण गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. गुर्मेतचे वडील म्हातारे इशे. त्यांना सगळे मेमे म्हणजे आजोबा म्हणत. हे मेमे पूर्वी एकदा ओढ्यापाशी घसरून पडले होते आणि गळपट्टीचं हाड मोडून तीन महिने निजले होते. उठले ते एक व्रत घेऊन. रोज उजाडताना राखेचा डबा घेऊन निघायचे आणि जिथे जिथे बर्फ गुळगुळीत दिसेल तिथे राख फेकायचे. पायऱ्या, पाणवठा, गोंपाची म्हणजे मठाची वाट, शाळेचा उंबरठा. त्यांच्यामुळे गावात कोणी पडत नसे. मी तर रोज मनातल्या मनात त्यांना नमस्कार करायचो.

गुर्मेत घरी गेला. मीही मागोमाग गेलो, कारण त्याची चाल मला ठीक वाटली नाही. मेमे चुलीपुढे बसून तिकडचा लोण्याचा चहा घुसळत होते. बाजूला त्यांची नात डिस्किट, वय नऊ, सुकं शेण मोडून चुलीत सारत होती. ही गुर्मेतच्या थोरल्या भावाची मुलगी. आईबाप दोघंही लांब रस्त्याच्या कामावर होते. तिला वाढवलं ते या दोन पुरुषांनी. रोज सकाळी गुर्मेत तिला पाठीवर घेऊन ओढा ओलांडायचा आणि माझ्या खोलीत आणून सोडायचा.

"आबा-ले, तळ्यावर राख कोणी टाकली?" गुर्मेतनं विचारलं. आबा म्हणजे तिकडे वडील.

मेमेंनी कोपऱ्यातल्या डब्याकडे बघितलं. डबा रिकामा होता. मग स्वतःच्या हातांकडे बघितलं. "माझ्याच हातून पडली असेल," ते म्हणाले. "पाहुणे येणार होते. घसरतील, असं वाटलं असेल मला."

"असेल म्हणजे काय?"

"मला सकाळचं आठवत नाही, संध्याकाळचं कुठून आठवणार?"

एरवी यावर आम्ही सगळे हसलो असतो. गुर्मेत हसला नाही. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी जायला नको होतं तुम्हाला. तसं तोंडानं सांगायचं होतं. राख कशाला?"

मेमेंनी चहा घुसळायचा थांबवला, पुन्हा सुरू केला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. गुर्मेत बाहेर पडला. डिस्किटच्या हातात शेणाची एक गोवरी होती. ती तिनं चुलीत घातली नाही, खालीही ठेवली नाही.

मास्तर लोकांना एक खोड असते, रडत बसण्याऐवजी ते फळा पुसायला लागतात. मी तळ्यावर परतलो तोवर अर्धं गाव जमलं होतं आणि प्रत्येकाकडे एकेक सल्ला होता. मी म्हटलं, सगळं मैदान वाचायचं नाही, पण परीक्षा गोलरक्षकाची आहे. त्याला लागतो तो गोलपुढचा तुकडा. आत्ता उणे पंधरा आहे. त्या तुकड्यावर पाणी ओतलं तर तासाभरात राखेवर नवी काच बसेल. मग तेवढ्या तुकड्यावर दिवसभर सावली धरायची.

"सावली कशाची धरणार, गेर्गन-ले? टोप्यांची?" लोहारानं विचारलं.

गोबाच्या बायकोनं त्याच्याकडे लक्ष न देता नवऱ्याला सांगितलं, की लग्नाचं पॅराशूट काढा. तिकडे लष्करानं टाकून दिलेली पॅराशूटं मांडवासारखी वापरतात. तारमोत असं एक पॅराशूट होतं, आणि ते गोबाच्या पेटीत कुलपात असायचं. गोबाचा जीव खालीवर झाला. पुढच्या महिन्यात त्याच्या पुतण्याचं लग्न होतं आणि कापड फाटलं असतं तर वऱ्हाडाला उन्हात बसवावं लागलं असतं. पण बायकोनं किल्ली आधीच काढून घेतली होती. अर्ध्या तासात ते पांढरंशुभ्र कापड पॉपलरची दोन झाडं आणि दोन बांबू यांवर ताणलं गेलं, आणि घराघरांतून किटल्या यायला लागल्या. गरम पाणी गोठलं की काच जास्त गुळगुळीत होते, हे तिथल्या पोरांनाही ठाऊक होतं.

सगळ्यात जास्त किटल्या डिस्किटनं आणल्या. मी मोजल्या नाहीत, पण इतर मुलं चालत येत होती आणि ती पळत. एकदा ती माझ्याजवळ पाणी ओतत असताना मी उकिडवा बसून बर्फ निरखत होतो. मी तिला सहज विचारलं, "डिस्किट, मेमे राख कशी टाकतात गं?"

"मुठीनं."

"म्हणजे एके ठिकाणी ढीग आणि एके ठिकाणी काही नाही. कोंबड्यांना दाणे टाकल्यासारखी."

"हो."

"आणि ही कशी पडली आहे?"

तिनं बर्फाकडे बघितलं. राख सगळीकडे सारखी होती. पातळ, एकजीव, रांगोळी आधी नुसती भुरभुरवावी तशी. तिनं किटली उचलली. "पाणी गार होतंय, गेर्गन-ले," असं म्हणून ती गेली.

मी तिच्या मागे गेलो नाही. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसणं हे शिकवण्यातलं सगळ्यात अवघड काम. मला ते एरवी फारसं जमत नाही. त्या दिवशी जमलं, कारण मला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं होतं. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही शाळेच्या खोलीबाहेर तीन थाळ्यांत बर्फ ठेवला होता. एक तसाच, एकावर राखेचा जाड थर, आणि एकावर पिठाच्या चाळणीतून चाळलेली पातळ राख. जाड थराखालचा बर्फ संध्याकाळपर्यंत टिकला. पातळ राखेचा दुपारीच वितळला. तिथले शेतकरी वसंतात शेतातला बर्फ लवकर जावा म्हणून माती पसरतात, त्याचंच हे गणित. त्या दिवशी चाळणी डिस्किटनं घरून आणली होती.

ट्रक साडेदहाला आला. सुभेदार लुंडुप हे ठेंगणे, रुंद आणि कमी बोलणारे होते. त्यांनी तळं बघितलं. त्यावर एव्हाना मध्यभागी डबकी चमकायला लागली होती. त्यांनी पॅराशूट बघितलं. मग गोबाला विचारलं, "लग्न आहे की भरती?"

गोबा सगळं सांगायला लागला, ते त्यांनी हातानंच थांबवलं. म्हणाले, "गोलरक्षकाला जागा किती लागते? चटईएवढी. चटई दिसतेय. वीस फटके. चौदा अडवले तर तो आमचा."

त्यांचे तीन खेळाडू बारा पावलांवर उभे राहिले आणि त्यांनी आपल्या चकत्या काढल्या. अस्सल, कारखान्यातल्या, बुटाच्या तळव्याहून दुप्पट जड. गुर्मेत गोलपुढे उभा राहिला. पायांना माझे पॅड, छातीला गोधडी, डोक्याला माकडटोपी.

पहिला फटका त्यानं अडवला. दुसरा गोल. तिसरा गोल. चौथा अडवला, पाचवा गोल. गावातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली, कारण हे असले फटके तो जांभई देत अडवायचा. मला त्याचा चेहरा दिसत होता. प्रत्येक फटक्याआधी त्याची नजर चढणीवरच्या घराकडे जायची. तिथे दार बंद होतं. सगळं गाव तळ्यावर, आणि त्याचा बाप भिंतीकडे तोंड करून आत. सहावा अडवला, तो कसाबसा, ढोपरानं. सातवा आणि आठवा गोल.

आठांत पाच गेले होते. आता उरलेल्या बारांत एकच गेला तर चालणार होता.

नववा फटका मारायला खेळाडूनं काठी मागे घेतली, आणि मधे डिस्किट येऊन उभी राहिली. कापडी बुटांनी सरळ चालत बर्फावर आली आणि गोलकडे तोंड करून थांबली. खेळाडूनं काठी तशीच हवेत धरली.

"राख मी टाकली," ती म्हणाली. "चाळणीनं. मेमेंनी नाही."

गुर्मेतला काही क्षण कळलंच नाही. मग म्हणाला, "एवढं तळं? एकटीनं?"

"तुम्ही सगळे थुकपा पिऊन गात होतात. सात गाणी झाली."

"पण का?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा त्याच्याकडे. "आबा रस्त्याच्या कामाला गेले तेव्हा म्हणाले होते, लोसरला येतो. दोन लोसर झाले."

लोसर म्हणजे त्यांचं नवं वर्ष, आपली दिवाळी म्हणा. वर पॅराशूट फडफडत होतं. मला वाटलं, आता गप्प बसणं बरं नाही. मी सुभेदारांना सांगितलं, की राखेची ती युक्ती तिला मी शिकवली आहे.

"मग तुमचीही भरती करायला हवी," सुभेदार म्हणाले. पण हसले नाहीत. त्यांचं लक्ष गुर्मेतकडे होतं.

गुर्मेत डिस्किटला म्हणाला, "जा, मेमेंना घेऊन ये. सांग, मी बोलावलंय. नाही, थांब. तसं नको सांगू. सांग, गुर्मेतला पाया पडायचं आहे, पण त्याच्या बुटांच्या तारा सुटायला अर्धा तास लागतो, तेव्हा तुम्हीच खाली या."

सुभेदारांनी घड्याळ बघितलं. परीक्षा मधेच थांबवायची पद्धत नाही, असं म्हणाले, आणि खिशातून बिडी काढली. "ही संपेपर्यंत थांबतो." ती बिडी त्यांनी इतकी सावकाश ओढली, की दोनदा विझली आणि दोनदा पेटवावी लागली.

मेमे आले. डिस्किटच्या खांद्यावर हात ठेवून चढण उतरले, गर्दीतून पुढे आले आणि एका पालथ्या टोपलीवर बसले. गुर्मेत त्यांच्यापर्यंत घसरत आला आणि वाकला. दोघांत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. फार नसावं. मेमेंनी त्याची माकडटोपी नीट केली, एवढं दिसलं. मग ते सुभेदारांकडे वळून म्हणाले, "पोरीला रागावू नका. टाकली तिनं, पण राख माझ्या चुलीची."

मग बारा फटके झाले. ते मी तुम्हाला एकेक करून सांगू शकतो, पण तुम्ही कंटाळाल, कारण सगळे सारखेच झाले. फटका आला, गुर्मेत तिथे होता. डावीकडे आला, डावीकडे होता. खाली आला, पॅडवर धप्प आवाज झाला. पंधरावा तेवढा बुटाला लागून आत गेला, आणि गोबानं डोळे मिटून घेतले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. विसावा फटका त्यांच्या सगळ्यात दांडग्या खेळाडूनं मारला. चकती सावलीबाहेरच्या एका खड्ड्याला ठेचकाळली, उसळली आणि सरळ गुर्मेतच्या तोंडावर आली. त्याला हात वर न्यायला वेळच मिळाला नाही. चकती बर्फावर पडली आणि तिच्या शेजारी एक दात पडला.

"चौदा," सुभेदार म्हणाले. "दातानं अडवलेला धरतो आम्ही."

मुलांनो, पुढचं थोडक्यात आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला नको. गुर्मेत त्या पलटणीकडून अकरा हिवाळे खेळला. त्या खोऱ्यातला तो पहिला माणूस, ज्याला खेळण्याचा पगार मिळाला. लेहला खेळला, सिमल्याला खेळला, काश्मिरात बर्फाच्या वादळात खेळला. आणखी तीन दात दिले. पुढे त्याला खराखुरा मुखवटा मिळाला, तेव्हा त्यानं मला पत्र लिहिलं, की आता जेवताना चावता येईल असे दात थोडेच उरलेत, पण आहेत ते राहतील. शेवटी तो पलटणीच्या पोरांना शिकवायचा. मी त्याला शिकवताना एकदा बघितलं. प्रश्न विचारून गप्प बसायचा.

पण मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त आठवतं ते यातलं काहीच नाही.

पावणेदोनला ट्रक सुरू झाला. गुर्मेतचं सामान म्हणजे एक वळकटी. मेमेंनी त्याच्या गळ्यात पांढरी खतक घातली, म्हणजे निरोपाचं रेशमी कापड. गावातल्या सगळ्यांनी एकेक घातली, तेव्हा त्याचं फक्त नाक दिसायला लागलं. तो डिस्किटला शोधत होता. ती कुठे दिसेना. मला धास्ती वाटली, की पोर लाजून कुठेतरी लपली असणार.

सुभेदार पुढच्या जागेवर बसायला गेले, तर तिथे डिस्किट बसलेली. पाय जेमतेम जागेच्या कडेला पोचत होते. हात मांडीवर.

"उतर," सुभेदार म्हणाले.

"आगुला रजा कधी देणार?" तिनं विचारलं. आगु म्हणजे काका.

"रजा साहेब देतात. मी देत नाही."

"मग तुम्ही साहेबांना सांगा. कधी?"

"लोसरला."

"लोसरला तर तळं गोठलेलं असतं. तेव्हा तुम्ही त्याला सोडणार नाही. आणि ते दहा महिने लांब आहे." तिनं थोडा विचार केला. "उन्हाळ्यात बर्फ नसतो. बर्फ नसताना तुम्हाला आगु कशाला हवा?"

मागच्या तिघा खेळाडूंपैकी एक खोकला. सुभेदारांनी शिपायाची बाकीची कामं समजावून सांगायला सुरुवात केली, पहारा, कवायत, वगैरे, पण ते मधेच थांबले. मला वाटतं, त्यांच्याही घरी कोणीतरी असावं. त्यांनी विचारलं, "पेरणी कधी असते तुमची?"

"एप्रिलच्या शेवटी."

"पेरणीला आठ दिवस."

"पंधरा."

"दहा. आणि लोसरला, सामने नसले तर."

"लिहून द्या."

तो सगळा रुंद माणूस अंगरख्याचे खिसे चाचपायला लागला. कागद शेवटी मीच दिला. सुभेदारांनी तो ट्रकच्या पत्र्यावर धरून लिहिला, खाली सही केली, आणि हुद्दा राहिला होता तो तिच्या सांगण्यावरून घातला. गुर्मेत सगळ्या त्या रेशमातून हे बघत होता. त्याचं तोंड सुजलं होतं, तरी तो हसला.

डिस्किटनं कागद घेतला. एकदा मनात वाचला, एकदा मेमेंना मोठ्यानं वाचून दाखवला, घडी घालून अंगरख्याच्या आत ठेवला. मग ती खाली उडी मारून उतरली, सुभेदार वर चढून बसेपर्यंत थांबली, आणि दोन्ही हातांनी जोर लावून ट्रकचं दार तिनंच लावलं.